जिल्ह्याएवढ्या देशाची पोहणारी

चिंचवेढे गावात कुणी खोटं बोललं नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. जो तो आपापल्या वाट्याचं खरंच बोलला. फक्त सगळ्यांची खरी वाक्यं एकापुढे एक लागत गेली आणि त्यांचं मिळून जे काही तयार झालं, त्याला खरं म्हणायची सोय राहिली नाही.

सुरुवात नृसिंह निसळांनी केली. हे मूळचे चिंचवेढ्याचे, कोपरगावकडच्या एका साखर कारखान्यात केमिस्ट होते. आफ्रिकेच्या दक्षिणेला एस्वातिनी म्हणून एक देश आहे, तिथेही ऊस पिकतो आणि तिथेही साखर होते, म्हणून तिकडच्या कारखान्यात नोकरीला गेले ते तिकडचेच झाले. त्यांची मुलगी रुचा तिथेच जन्मली, तिथेच पोहायला शिकली, आणि गेल्या ऑलिम्पिकमध्ये त्या देशाकडून पाण्यात उतरली. नृसिंहरावांनी टीव्हीसमोर मोबाईल धरून तिची शर्यत टिपली आणि धाकट्या भावाला पाठवली. खाली लिहिलं, 'आपली रुचा पहिली!'

धाकटे भाऊ म्हणजे केदार सर. हे गावच्याच हायस्कुलात भूगोल शिकवतात. त्यांनी व्हिडिओ पाहिला, पत्नीला दाखवला, पुन्हा पाहिला. निळ्याशार पाण्यात रुचा सगळ्यांच्या आधी भिंतीला हात लावते, मान वर काढते आणि निकालाच्या फळ्याकडे बघून तोंडावर हात धरते. सरांचे डोळे भरून आले. त्यांनी व्हिडिओ गावच्या ग्रुपवर टाकला : 'माझी पुतणी रुचा ऑलिम्पिकमध्ये पहिली.' यातही एक अक्षर खोटं नव्हतं. त्याखाली कुणीतरी पिवळं पदक चिकटवलं. पदक चिकटवणं म्हणजे काही बोलणं नव्हे. पण संध्याकाळी सर पिठाच्या गिरणीवर गेले तेव्हा गिरणीवाल्यानं पीठ झाडत त्यांच्या पायाला हात लावला आणि म्हणाला, "गावात सोनं आनलं सर तुमी."

सरांना शंका आली नव्हती असं नाही. एवढ्या मोठ्या तलावात आठ लेन, आणि पोहायला तिघीच कशा, हे त्यांच्या मनात येऊन गेलं होतं. पण हाडाच्या शिक्षकाला उत्तर सापडल्याशिवाय चैन पडत नाही, आणि त्यांना ते सापडलंही : पदकं तीन, म्हणून शेवटच्या फेरीत पोहणाऱ्या तीन. उत्तर इतकं चपखल बसलं की त्यांनी शंकेकडे पुन्हा वळून पाहिलं नाही. गावातल्या पोरांनी मोबाईलवर भारताच्या पदकांची यादी धुंडाळली. तिच्यात रुचा नव्हती. पण ती भारताकडून खेळलीच नव्हती, तर यादीत असेल कशी? यादीत नाव नसणं हाही पुरावाच ठरला.

मग सरांनी पारावर भूगोलाचा तास घेतला. एस्वातिनीला समुद्र नाही, राजा आहे, आणि क्षेत्रफळ म्हणाल तर जवळजवळ आपल्या नगर जिल्ह्याएवढं. इतकंच कशाला, काही वर्षांपूर्वी त्यांनी देशाचं नाव बदललं, तसं आपणही जिल्ह्याचं बदललं. हे ऐकून पारावरची मंडळी विचारात पडली. अजिनाथ म्हणून एक बागाईतदार, सरांच्या शाळेत त्याच्या दोन मुली, तो म्हणाला, "म्हंजी सर, आपला जिल्हा येगळा देश केला आस्ता तर आपुन बी गेलो आस्तो ऑलिम्पिकला?"

"गेलो असतो," सर म्हणाले. "पण पोहायला कोण उतरलं असतं, अजिनाथ?"

हा प्रश्न सरांनी सहज विचारला नव्हता. आधीच्या उन्हाळ्यात त्यांच्या सातवीच्या वर्गातली एक मुलगी कालव्यावर धुणं धुताना पाय घसरून पाण्यात पडली आणि गेली. कालवा पुरुषभर खोल, कडेला चार बायका उभ्या, आणि एकीलाही पोहता येत नव्हतं. गावातली पोरं विहिरीत उड्या मारून लहानाची मोठी होतात. पोरींनी मात्र पाण्याला फक्त कळशी लावायची. त्या मुलीची वही सरांच्या कपाटात तपासायची राहून गेली होती आणि ते कपाट उघडायला सरांना पुढे कितीतरी दिवस नको वाटायचं. मुलींना पोहायला शिकवू या, असं ते तेव्हापासून घरोघर सांगत होते. लोक चहा पाजायचे, 'बरुबर हाय' म्हणायचे आणि विषय उसाच्या तोडीवर न्यायचे.

रुचाच्या व्हिडिओनं चार दिवसांत ते काम केलं. सोनं म्हटल्यावर लोकांचे कान टवकारले. अजिनाथला कुणीतरी सांगितलं की पोहण्यात नाव काढलं तर पोलीस भरतीत खेळाडूंच्या कोट्यातून नंबर लागतो. त्यानं दुसऱ्याच दिवशी दोन्ही मुली आणून उभ्या केल्या. गावचे जुने पैलवान आसाराम तात्या यांनी आपलं शेततळं देऊ केलं. शेततळ्याला प्लास्टिकचा कागद, त्यावरून पाय घसरला की माणूस वर येत नाही, म्हणून तात्यांनी चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर सोडले, एक शिडी बांधली, ट्रॅक्टरच्या ट्यूबा फुगवून दिल्या. तात्यांच्या कारभारीण लंकाबाई माहेरी गोदावरीच्या काठावर वाढलेल्या. त्या पाण्यात उतरून मुलींना हातावर तोलून धरायच्या. सर काठावर शिट्टी घेऊन उभे राहायचे आणि रोज एकदा तरी म्हणायचे, "मुलींनो, लक्षात ठेवा, या गावचं नाव ऑलिम्पिकच्या सोन्यावर कोरलेलं आहे."

दिवाळीपर्यंत वीसेक मुली झाल्या. येत नव्हती ती भागूबाईची ईश्वरी. खरं तर तिचं घर शेततळ्याला सगळ्यांत जवळ. भागूबाई उसात खुरपायला जायची, येताना कालव्यावर धुणं धुवायची. सर तिला तीनदा भेटले. तिन्ही वेळा ती पदर सावरून म्हणाली, "बघू सर. आमचं काय, आमी गरीब मानसं." आणि तिन्ही वेळा सरांना वाटलं, अजून थोडं सोनं दाखवायला हवं होतं.

डिसेंबरात रुचा यायची ठरली. गावानं सत्काराचा घाट घातला. सर तात्यांची बोलेरो घेऊन शिर्डीच्या विमानतळावर गेले. पोरगी बाहेर आली ती बापापेक्षा उंच, खांदे दारातून तिरके काढावेत असे, आणि वाकून पाया पडली ती मात्र अगदी कोपरगावच्या रीतीनं. तिचं मराठी तिच्या आईवडिलांबरोबर विमानात बसलं होतं आणि तेव्हापासून जसंच्या तसं होतं. आपल्याकडे आता कुणी म्हणत नाही असे शब्द ती सहज बोलायची.

"काका, तुम्ही फारच उतरलात हो," ती म्हणाली. "काकू जेवायला घालत नाहीत वाटतं?"

गाडी उसाच्या फडांमधून निघाली. सरांनी मोठ्या कौतुकानं विचारलं, "पहिल्यापासून सांग बघू. पोहायला लागलीस कशी?"

"मगरींमुळे," रुचा म्हणाली. "आमच्याकडे नदीत मगरी असतात. बाबा म्हणाले, नदीकडे फिरकायचं नाही, पण पोहायला आलंच पाहिजे. म्हणजे मगरीपेक्षा जोरात यायला पाहिजे असं मला वाटलं. कारखान्याच्या क्लबात एक छोटा तलाव होता. तिथे मी रोज मनातल्या मनात मगर पाठीशी लावून पोहायची."

पुढे ती राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. तिच्या वयाच्या मुली पाच. त्यातली एक टोपी घरी विसरली म्हणून रडत बसली, एकीला ताप आला, आणि रुचा तिसरी आली म्हणजे शेवटची आली. बाबांनी तरी पेढे वाटले. तिकडे पेढा कुणाला माहीत नाही, लोकांनी तो साबण समजून आधी हुंगला. दोन वर्षांनी ती खरोखर पहिली आली, आणि मग पंचाईत अशी झाली की तिच्या गटात तिला हरवणारं कुणी उरलं नाही. दरवर्षी ती राष्ट्रीय विक्रम मोडायची, आणि मोडायची तो विक्रम तिचाच असायचा. तिथल्या पेपरात दरवेळी फोटो यायचा. शेवटी शेवटी तर त्यांनी नवा फोटो काढायचंही सोडून दिलं.

"मग जागतिक स्पर्धेला गेले. तिथे कळलं, काका, की मी किती हळू पोहते." ती हसली. "सरावाच्या तलावात मी आपली कोपऱ्यातल्या लेनमध्ये, कुणाच्या वाटेत यायला नको म्हणून. एकदा एका जगज्जेतीचा पाय मला लागला. ती 'सॉरी' म्हणाली. मी वर्षभर सगळ्यांना सांगत होते की ती माझ्याशी बोलली."

सरही हसले, पण आपण कुठे हसतोय हे त्यांना नीट कळत नव्हतं. त्यांनी गोष्ट हळूच पुढे ढकलली. "आणि मग ऑलिम्पिक."

"मग ऑलिम्पिक. लहान देशांना बोलावतात ना, की तुमच्याकडे वेळ पुरेशी नसली तरी एक मुलगा, एक मुलगी पाठवा. तशी मी गेले. पहिल्या फेरीत हळू पोहणाऱ्यांना आधी सोडतात. सकाळी, लोक अजून खुर्च्या शोधत असतात तेव्हा. आम्ही तिघी होतो, तिघी तीन छोट्या देशांच्या. आणि काका, त्या दिवशी मी आयुष्यातली सगळ्यांत चांगली पोहले. वर बघितलं तर फळ्यावर माझ्या देशापुढे एकचा आकडा! मला वाटलं फळा बिघडला."

सरांच्या हातून गिअर कुरकुरला. "आणि मग? पुढच्या फेरीत?"

"पुढच्या फेरीत कुठली! सगळ्यांत मिळून मी सत्तरावी की बहात्तरावी आले. घरी गेल्यावर बाबांनी पुरणपोळी केली."

बोलेरो तेवढ्यात गावाच्या फाट्याला लागली. फाट्यावर वीस फुटी फ्लेक्स होता. मध्ये रुचा, डोक्यावर कुणीतरी फोटोत चढवलेला फेटा, गळ्यात टरबुजाएवढं पदक, दोन्ही बाजूंना गावातल्या सगळ्या मंडळांचे सगळे पदाधिकारी, आणि वर ठसठशीत अक्षरं : 'सुवर्णकन्या रुचाताई निसळ यांचे सहर्ष स्वागत.' कोपऱ्यात झेंडाही होता. तो तिसऱ्याच कुठल्यातरी देशाचा होता.

रुचानं आधी फ्लेक्सकडे पाहिलं, मग काकांकडे. सरांनी गाडी एका शेवरीखाली उभी केली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून सगळं सांगितलं. पिवळं पदक, पीठगिरणी, तीन पदकं तीन पोहणाऱ्या, सगळं. ती हसत सुटली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग सरांनी सातवीतल्या मुलीचं सांगितलं, कालव्याचं सांगितलं, शेततळ्यातल्या वीस मुलींचं सांगितलं, आणि तिचं हसणं थांबलं.

"आजचा एक दिवस, रुचा," सर म्हणाले. "तू काही बोलू नकोस. नुसता नमस्कार कर. लोक आपलं आपण समजून घेतील. सोनं नाही हे कळलं तर उद्या एकही बाप पोरीला पाठवणार नाही. फक्त मुली तयार होईपर्यंत."

"काका, मी पहिली आले. खरंच आले," रुचा म्हणाली. "तेवढं एकच मी आयुष्यात कमावलंय. तुम्ही त्याला सोनं म्हटलंत की माझं पहिलं येणं खोटं पडतं. माझ्याजवळ मग काहीच राहत नाही."

गाडी चालू करताना त्यांना वाटलं, एरवी आपल्याला उत्तर सापडायला इतका वेळ लागत नाही.

वेशीपासून ट्रॅक्टर, पुढे हलगी, त्यापुढे नाचणारी पोरं, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खुर्चीवर रुचा. बायका ओवाळायला आल्या. शाळेच्या मैदानात मांडव होता. समोर सतरंजीवर शेततळ्याच्या वीस मुली, एकसारख्या वेण्या घालून. मागे बाप लोक, अजिनाथ सगळ्यांत पुढे. बायकांच्या बाजूला अगदी कडेला भागूबाई उभी होती, बसली नव्हती. कामावरून तशीच आली होती. व्यासपीठावर आसाराम तात्या अध्यक्ष. प्रास्ताविक अर्थातच केदार सरांचं.

सर माईकपुढे उभे राहिले. खिशात भाषण होतं. पहिलं वाक्य पाठही होतं : आज चिंचवेढ्याच्या मातीचं सोनं झालं. त्यांनी रुचाकडे पाहिलं. ती मान खाली घालून स्वतःच्या पायाकडे बघत होती. दुसऱ्याच्या पेपरात बघून लिहिलेल्या मुलाला वर्गासमोर शाबासकी द्यावी आणि त्यानं असं बसावं, हे सरांनी नोकरीत पुष्कळदा पाहिलं होतं. ते पाहिलं की त्यांना त्या मुलापेक्षा स्वतःचाच राग यायचा.

"मंडळी," ते म्हणाले, "रुचाला सोन्याचं पदक मिळालेलं नाही."

हलगीवाल्याला वाटलं वाक्य संपलं, त्यानं दणक्यात दोन टिपऱ्या हाणल्या. मग तोही थांबला.

"चांदीचंही नाही. कुठलंच नाही. चूक तिची नाही, तिच्या वडिलांची नाही. मी व्हिडिओ नीट समजून न घेता तुम्हाला सांगत सुटलो. चार महिने सांगत राहिलो. मला सोनं हवं होतं म्हणून मला सोनं दिसलं."

मागे जिलब्या तळणाऱ्याची कढई ऐकू यायला लागली. मग अजिनाथ उठला. "मंग सर, कोट्याचं काय? आमी पोरींना गार पान्यात घालतोय ते कशापायी? फशिवलं म्हना की आमाला!"

पाठोपाठ आणखी दोघे-चौघे उठले. तेव्हा रुचा उठून माईकपाशी आली. तिनं भाषण केलं नाही. जे गाडीत सांगितलं तेच सांगितलं : हळू पोहणाऱ्यांना आधी सोडतात, सारख्या वेळेच्या मुली एकत्र लावतात, आपल्या शर्यतीत तिघीच होत्या, त्यात आपण पहिलं आलो, आणि सगळ्यांत मिळून सत्तरीच्या पुढे. "पण त्या तिघींत मी पहिली आले," ती म्हणाली. "तेवढं खरं आहे."

आसाराम तात्या इतका वेळ काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. त्यांनी हात वर केला.

"थांब पोरी. म्हंजी बरुबरीच्या पोरींची जोड लावली?"

"हो, आजोबा."

"बारक्यांची आधी, थोरल्यांची मागून?"

"हो."

"अन् समद्यात शेवटाला मानाची?"

"हो. ती फायनल."

तात्या खुर्चीत मागे रेलले आणि मांडवाकडे वळून म्हणाले, "अरं, हा तर हगामा हाय!"

मांडवात एक 'हां' उमटला. हगामा चिंचवेढ्यात पोटातल्या पोरालाही कळतो. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा फड भरतो, त्याची सुरुवात शेंबड्या पोरांच्या जोडीनं होते. जाणते लोक दोन बरोबरीची पोरं निवडतात, दोघांची मनगटं धरून वर करतात, 'हाय का कबूल' विचारतात, आणि जिंकणाऱ्याला ओंजळभर रेवड्या देतात. मानाची कुस्ती संध्याकाळी लागते आणि तोवर पाऊणशे जोड्या होऊन जातात.

"पोरगी रेवडीची कुस्ती जिकून आली," तात्या म्हणाले. "जगाच्या हगाम्यात. मी पयल्यांदा रेवडीच जिकलो हुतो, अन् त्या दिशी माझ्या बापानं मला खांद्यावरून घरी नेलं. मानाच्या कुस्तीला गदा मिळाली तवा बाप न्हवता, अन् खांद्याव घ्यायजोगा मीबी न्हवतो. रेवडीला कुनी हसायचं काम न्हाई. वाजव रं हलगी!"

हलगी वाजली. तात्यांनी स्वतःच्या हातानं रुचाला फेटा बांधला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, जिलब्या झाल्या. हसणं-खिदळणंही झालं, सत्तराव्या नंबरावर कुणीतरी कोटी केली आणि रुचाच सगळ्यांत मोठ्यानं हसली. पण सरांचं लक्ष मागच्या रांगेकडे होतं. अजिनाथ जिलबी न खाता दोन्ही मुलींना घेऊन निघून गेला. जाताना त्यानं सरांकडे पाहिलंही नाही. आणखी काही जण त्याच्यामागून गेले. मान राखला गेला होता, रुचाचं पहिलं येणं खरं ठरलं होतं, आणि शेततळं बहुधा गेलं होतं. घरी आल्यावर पत्नी लीना म्हणाली, "बरं केलंत." सर म्हणाले, "हो," आणि जेवले नाहीत.

सकाळी चांगलं ऊन पडल्यावर सर आणि रुचा शेततळ्यावर गेले. लंकाबाई दोर तपासत होत्या. सोनं आलं काय आणि गेलं काय, लंकाबाईंच्या दिनक्रमात फरक पडला नव्हता. मुली आल्या होत्या, पण निम्म्याच. अजिनाथच्या दोघी नव्हत्या. आल्या होत्या त्याही बापाला न विचारता आल्यासारख्या अंग चोरून उभ्या होत्या. सर बांधावर बसून त्या मोजायचं टाळत राहिले. त्यांना फार वाईट वाटत होतं, आणि आपण केलं ते बरोबरच होतं हे माहीत असल्यामुळे ते वाईट वाटणं कमी होत नव्हतं.

तेवढ्यात बांधावरून भागूबाई आली. डोक्यावर धुण्याचं बोचकं, मागे ईश्वरी. सरांना वाटलं, कालव्याकडे निघाली असेल. पण ती सरांसमोर येऊन थांबली.

"सर, आजपासून हिला घ्या."

सर उठून उभे राहिले. "भागूबाई, काल तुम्ही होतात ना मांडवात? सोनं नाही मिळालेलं. माझं चुकलं होतं."

"व्हते की. म्हनून तर आनली." भागूबाईनं बोचकं खाली ठेवलं. "चार म्हैने तुमी सोनं सोनं करत हुता. सोन्याच्या पोरीत आमची काय करायची? हिला धड सायकल न्हाई येत. म्हनलं, ते मोठ्या लोकाचं काम हाय, आपली तिथं हसं करून घील. काल पैलवान म्हनले रेवडीची कुस्ती, तवा मला उमगलं. रेवडीला काय, कुनाचं बी पोर उतरतं."

चार महिने आपण फाटकापाशी सोनं टांगून ठेवलं होतं. त्याच्याकडे बघून कोण आत आलं ते सरांनी रोज पाहिलं; कोण बिचकून बाहेर राहिलं, ते एकदाही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यांना लाज वाटली आणि त्याच वेळी फार हलकंही वाटलं.

रुचा ईश्वरीचा हात धरून शिडीकडे निघाली. भागूबाई मात्र जाईना. तिनं पदर कमरेला खोचला, निऱ्या वर ओढून घट्ट बांधल्या.

"आता तुम्ही काय करताय?" सरांनी विचारलं.

"उतरते."

"तुम्ही?"

"मंग? रोज कालव्याच्या कडंला कोन बसतं? मीच ना?" भागूबाई म्हणाली. "ही शिकून काय करनार? मी बुडाले की काठाव हुबं ऱ्हाऊन सांगनार व्हय, की माझ्या आईचे हात चुकत्यात?"

लंकाबाईंना इतकं हसू आलं की त्यांच्या हातातला दोर सुटला. रुचा आधी पाण्यात गेली आणि दोन्ही हात पसरून उभी राहिली. भागूबाई दोराला धरून उतरली, कागदावरून पाय सटकला, सबंध पाण्याखाली गेली. ऑलिम्पिकच्या तलावात आयुष्यातलं सगळ्यांत चांगलं पोहलेल्या मुलीनं तिला काखेत धरून वर काढलं. भागूबाईनं नाकातोंडातलं पाणी फुर्रकन उडवलं, केस मागे सारले आणि मुलींकडे बघून म्हणाली, "दात काय काढताय? या की पान्यात!" मग त्या निम्म्या मुली एकदमच उतरल्या, अंग चोरायचं विसरून.

पुष्कळ वेळानं भागूबाई ट्यूब धरून हात-दोन हात पुढे जायला लागली. तेवढ्यात आसाराम तात्या काठी टेकत बांधावर आले. तिनं पाण्यातूनच हाक मारली, "पैलवान! माझी बी जोड लावा कुनासंगं!"

"बरुबरीचं मानूस पायजे," तात्या गंभीरपणे म्हणाले. "लंका न्हाई चालायची, ती पट्टीची हाय. पोरी तुझ्याम्होरं गेल्या." त्यांनी काठावर सगळीकडे नजर फिरवली. काठावर एकच माणूस कोरडा उरला होता. "सर, तुमाला येतं का हो पव्हायला?"

सरांनी आजवर हा प्रश्न कुणी विचारणार नाही अशी फार काळजी घेतली होती. त्यांनी आधी रुचाकडे पाहिलं, मग मुलींकडे, आणि काल एकदा खरं बोलून झाल्यामुळे आज ते तितकं अवघड गेलं नाही.

"नाही," ते म्हणाले. "अजिबात नाही."

तात्यांनी केदार सरांचं मनगट धरलं आणि भर फडात धरावं तसं वर उचललं. "हाय का कबूल?"

भागूबाईनं पाण्यातून सरांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "कबूल," ती म्हणाली.

सरांनी चष्मा काढून एका मुलीच्या हातात दिला आणि पँटचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडायला खाली बसले.